लाल लोकर संपली

गेल्या गुरुवारी लेकीच्या इथल्या, अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं, तिसरीच्या मुलांनी वर्षभर काय केलं ते बघायला. ऑफिसमधून धावतपळत पोचले, डोक्यात हेच की असतील आपले नेहमीचे चार्ट, झाडं लावा, पाणी वाचवा. आत शिरले तर समोरच्या भिंतीवर अकरा फूट लांब लोकरीचं विणकाम! डाव्या टोकाला निळं, मध्ये फिकट, उजवीकडे लाल होत होत पार गडद. आणि अगदी शेवटी दोनतीन इंच नुसता उघडा पुठ्ठा, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी, मुलाच्याच अक्षरात: लाल लोकर संपली, सोमवारी येणार.

मी तिथेच उभी राहिले, बाकी लोक पुढे गेले तरी.

मूळ कल्पना इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातल्या एड हॉकिन्स या हवामानशास्त्रज्ञाची, 2018 पासून ते पट्टे जगभर प्रसिद्ध आहेत. एक पट्टी म्हणजे एक वर्ष, सरासरीपेक्षा थंड गेलं तर निळी, गरम गेलं तर लाल. आकडा नाही, अक्षर नाही. इथे टीचरने न्यू जर्सीच्या 1895 पासूनच्या नोंदी घेतल्या आणि प्रत्येक मुलाला सहा वर्षं वाटून दिली. तुझी वर्षं तू तक्त्यात शोध, सरासरीशी वजाबाकी कर, रंग ठरव आणि मग वीण. म्हणजे बघा, गणित झालं, विज्ञान झालं, हातकाम पण झालं आणि आठ वर्षांच्या पोराला कोणी भाषण दिलं नाही. लोकर आणताना सगळे रंग सारखेच आणले होते म्हणे, शेवटच्या वीसपंचवीस वर्षांवर आल्यावर लाल पुरेना. निळ्याचे गुंडे अजून टोपलीत पडलेत, मी स्वतः हात लावून बघितले.

बाजूच्या टेबलावर लेकीची ड्युटी होती. दोन पारदर्शक डबे, दोन्हीत मातीचा डोंगर आणि पाणी. एकात बर्फ डोंगरावर ठेवलेला, दुसऱ्यात पाण्यात तरंगणारा, पाण्याच्या पातळीला मार्करने काळी रेघ. ‘आई, आधी सांग, बर्फ वितळल्यावर कुठल्या डब्यातलं पाणी रेघेच्या वर जाईल?’ मी म्हटलं दोन्हीतलं. चुकलं. तरंगणाऱ्या बर्फाने आपल्यापुरती जागा आधीच घेतलेली असते, तो वितळला तरी पातळी जवळपास तिथेच. डोंगरावरचा वितळून खाली येतो ते पाणी नवीन. म्हणून ग्रीनलँड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरच्या बर्फाची काळजी, असं तिने मला समजावलं आणि वर हेही सांगितलं की नुसतं पाणी तापलं तरी ते फुगतं. इथल्या अटलांटिक सिटीला 1911 ते 2019 मध्ये समुद्र 17.6 इंच वाढलाय, जगाची सरासरी 7.6 इंच, कारण इथली जमीनसुद्धा खाली खचतेय. हे मला तोवर माहीत नव्हतं, इतकी वर्षं त्याच किनाऱ्यावर पोरांना घेऊन जातोय आम्ही.

हे सगळं एका हौशी टीचरचं काम म्हणून सोडून देता येत नाही, राज्याचा नियमच आहे. न्यू जर्सीने 2020 मध्ये ठरवलं आणि सप्टेंबर 2022 पासून बालवाडीपासून बारावीपर्यंत हवामान बदल शिकवायला लागले, अमेरिकेत असं करणारं पहिलं राज्य. तेही फक्त विज्ञानाच्या तासाला नाही, चित्रकला, नाच, पीटी, परदेशी भाषा, सगळीकडे.

आता ज्याने माझं डोकं उठलं ते. कार्यक्रम संपवून बाहेर आलो तर गेटसमोर मुलांना घ्यायला आलेल्यांची रांग, तीसेक गाड्या, निम्म्याहून जास्त त्या ट्रकएवढ्या एसयूव्ही आणि सगळ्यांची इंजिनं चालू. थंडी नाही, उकाडा नाही, मे महिन्याची सुंदर संध्याकाळ! न्यू जर्सीत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ इंजिन चालू ठेवून उभं राहायला कायद्याने बंदी आहे, शाळेच्या कुंपणावर पाटी पण आहे, त्याच पाटीखाली गाडी उभी करून लोक फोन बघत बसतात. आत मुलगा लाल लोकर विणतोय आणि बाहेर बाप वीस मिनिटं धूर सोडतोय. मी एकदा एका बाईंना काच वाजवून सांगितलं, त्यांनी हसून मान हलवली आणि काच वर केली. शाळेला दोनदा ईमेल केला, ‘आम्ही पालकांना आठवण करून देऊ’ असं छापील उत्तर आलं, बास. रोज दुपारी ती रांग बघून मला संताप येतो, सवय होईल म्हणतात पण दोन वर्षांत झालेली नाही.

आणि मग कोणी इथला मला भारतातल्या प्रदूषणावर ऐकवायला लागला की मी गप्प बसत नाही. आमच्या आईच्या घरी, चिपळूणला, दुधाची पिशवी धुऊन वाळत घालतात, जुन्या साडीची गोधडी होते, तिला कोणी कोर्स दिला नव्हता. आम्हालाही परिसर अभ्यास होताच की. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी जपली, तिथल्या गावातल्या पोराला विचारा, वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निघतात हे तो सांगेल. फक्त परिसर अभ्यासात आम्ही प्रश्नोत्तरं पाठ केली, हातात काही घेतलं नाही, हे मला कबूल करावंच लागेल.

लेकीने मलाही विचारलं, विमानाचा किती धूर होतो. मी सांगितलं खूप होतो, पण दोन वर्षांतून एकदा आजीला भेटणं ही चैन नाही. आम्ही दुसरी गाडी घेतली नाही, बसने ऑफिसला जाते मी. या मतावर मी ठाम आहे, कोणाला पटो न पटो.

खरं तर हे सगळं लिहायला बसले ते 2021 मुळे. लेकीच्या वाट्याला जी सहा वर्षं आली त्यात ते होतं. त्या वर्षी 22 जुलैला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणात शिरलं, आईचा दोन दिवस फोन लागत नव्हता. आणि सहा आठवड्यांत, 1 सप्टेंबरच्या रात्री, आयडा वादळाचा पाऊस इथे कोसळला, नेवार्कला एका दिवसात आठ इंचांच्या वर. कोकणात जुलैमध्ये एवढा पाऊस कुठे ना कुठे पडतोच, पण इथे तीस माणसं गेली, कित्येक जण गाड्यांमध्येच अडकून. आमच्या पार्किंगमध्ये गाडीच्या खिडकीपर्यंत पाणी होतं.

लेकीने टीचरला विचारलं, आजीच्या घरातलं पाणी माझ्या लाल पट्टीमुळे आलं का? टीचर तिला म्हणाली की तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते म्हणून मोठे पाऊस आणखी मोठे होतात, पण एका पुराला कारणं बरीच असतात, ती आजीला विचार. आठ वर्षांच्या मुलीला इतकं सरळ उत्तर दिलं, मला फार आवडलं.

मग रविवारी व्हिडिओ कॉल. आजीने भरतीचं सांगितलं, नदीतल्या गाळाचं सांगितलं, गाळ काढा म्हणून चिपळूणकर उपोषणाला बसले तेही सांगितलं. घराला नंतर रंग दिला पण कपाटामागची वीतभर भिंत तिने तशीच ठेवलीय, तिथे चिखलाच्या दोन रेघा आहेत, खालची 26 जुलै 2005 ची, वरची 2021 ची. लेक म्हणाली, ‘आजी, मोजून सांग ना.’ आई आत जाऊन शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन आली, स्टुलावर चढू नकोस असं मी ओरडत असताना चढलीच, आणि तिथून एकेक इंच मोठ्याने वाचायला लागली, इकडे लेक पेन्सिलीने लिहून घेत होती.