देवाला एकेरी हाक

जुन्या इंग्रजी प्रार्थनेतली क्रियापदं मुलांना कशी समजावता, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॉन्व्हेंटमधून आलेली मुलं इंग्रजीच्या तासाला हमखास विचारतात, ‘मॅडम, ख्रिस्ती प्रार्थनेतल्या “अवर फादर, हू आर्ट इन हेवन” मधलं “आर्ट” हे देवासाठीचं मानाचं क्रियापद आहे का?’

नाही, ते चक्क एकेरी आहे. पूर्वी एकाला ‘दाउ’ म्हणत. अनेकांना आणि थोरामोठ्यांना ‘यू’. ‘आर्ट’, ‘हॅस्ट’, ‘नोएस्ट’ ही ‘दाउ’बरोबर येणारी रूपं, म्हणजे आपलं ‘तू आहेस’, ‘तू जाणतोस’. 1603 साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याच्यावर भर न्यायालयात कडाडला, ‘आय दाउ दी, दाउ ट्रेटर!’ म्हणजे ‘मी तुला “तू” म्हणतो, अरे राजद्रोह्या!’ अरेतुरे करणं हाच अपमान होता. आणि 1611च्या किंग जेम्स बायबलात, म्हणजे बायबलच्या त्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, देवालाही ‘दाउ’, सैतानालाही ‘दाउ’. मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये एकवचन होतं, भाषांतरकारांनी ते इमानाने राखलं.

मान चढला तो पुढे. बोलण्यातून ‘दाउ’ गेलं, प्रार्थनेत राहिलं, आणि हळूहळू सोवळं झालं. 1952च्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जन या इंग्रजी बायबलमध्ये तर माणसांना ‘यू’ केलं आणि देवापुरतं ‘दाउ’ ठेवलं. मला हे फार हृद्य वाटतं.

जुन्या बायबलातल्या ‘लीडेथ’, ‘मेकेथ’ मधलं ‘एथ’ म्हणजे आजच्या ‘लीड्स’, ‘मेक्स’ मधला ‘एस’. शेक्सपिअर एकाच ओळीत ‘ब्लेसेथ’ही लिहितो आणि ‘गिव्ज’, ‘टेक्स’ही.

पण ‘अवर फादर’च्या प्रार्थनेत खरं थांबावं ते ‘दाय किंगडम कम’पाशी. मुलं तिथे ‘कम्स’ करायला जातात. तो वर्तमानकाळ नाहीच, ती इच्छा आहे. आजच्या इंग्रजीत हे रूप ‘गॉड ब्लेस यू’सारख्या मोजक्या ठिकाणी उरलंय, म्हणून ते चुकल्यासारखं वाटतं. मराठी मुलांना मात्र ते पसायदानातून तोंडपाठ असतं: ‘दुरितांचे तिमिर जावो’. ‘जातं’ असं तिथे कुणी म्हणत नाही. मराठी बायबलातही ‘तुझे राज्य येवो’ असंच आहे. मी फळ्यावर या ओळी एकाखाली एक लिहिते आणि ‘जावो’, ‘येवो’, ‘कम’ यांच्याखाली रेघ मारते. ‘हॅलोड बी दाय नेम’ (तुझं नाव पवित्र मानलं जावो) मधलं ‘बी’ मग मुलं आपणहून ओळखतात.