एकाच घराची दोन मूल्यांकनं

कामाचा कागद आला तेव्हा पत्ता वाचून काही आठवलं नाही. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळची सोसायटी, तिसरा मजला, दोन बेडरूमचा फ्लॅट. कामाचं स्वरूप: ताबा घेतलेल्या मालमत्तेचं विक्रीसाठी मूल्यांकन. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि बँका-वित्तसंस्थांसाठी घरांची किंमत काढून देतो. आठवड्याला वीस-पंचवीस घरांत जाणं होतं. घरं लक्षात राहत नाहीत.

दारावर ताब्याची नोटीस चिकटवलेली होती. कुणीतरी ती एका कोपऱ्यातून सोलायला घेतली होती आणि मध्येच सोडून दिली होती. दार उघडलं, समोर पितळी कड्यांचा झोपाळा दिसला आणि मला घर आठवलं. मग दारातल्या बाई आठवल्या. त्यांनी मला आधीच ओळखलं होतं.

"तुम्हीच आला होतात ना साहेब, मागच्या वेळी?"

मागची वेळ म्हणजे नोव्हेंबर 2021. तेव्हा याच घरावर मालमत्ता तारण कर्ज घ्यायचं होतं, म्हणून मी गेलो होतो. यजमान अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, वय 44. घराचं मूळ कर्ज 2019 मध्येच फिटलेलं. वहिनींनी कपाटातून फाइल काढून माझ्यापुढे ठेवली होती: खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि सगळ्यात वर कर्ज फिटल्याचं पत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपलेलं. अकरा वर्षं हप्ते भरून सोडवून आणलेले ते कागद होते. मुलगी माझ्या टेपचं दुसरं टोक धरून खोल्याखोल्यांतून फिरली, आकडे मोठ्याने वाचत गेली. तिचं लग्न ठरलं होतं, त्यासाठीच कर्ज. पोहे झाले, चहा झाला. निघताना यजमानांनी विचारलं, "साहेब, साधारण किती येईल?"

हे विचारतातच. उत्तर द्यायचं नसतं. माझा रिपोर्ट कर्ज देणाऱ्याकडे जातो, घरमालकाला आकडा सांगण्याचं मला काही काम नाही. पण घर नीट ठेवलेलं होतं, माणसं चांगली होती, आणि मी म्हणालो, "बेचाळीसपर्यंत जायला हरकत नाही."

त्या क्षणी त्या खोलीत काय झालं ते मी पाहिलं होतं. 2008 मध्ये त्यांनी हा फ्लॅट साडेतेरा लाखांना घेतला होता. यजमान झोपाळ्यावर बसले आणि बायकोकडे बघून नुसतं म्हणाले, "बेचाळीस." तोवर ते राहण्याचं घर होतं. मी आकडा सांगितला आणि ते त्यांना शिल्लक वाटायला लागलं.

हे मला ऑगस्ट 2024 मध्ये कळलं, दुसऱ्यांदा त्याच खोलीत बसल्यावर. वहिनींनी सांगितलं की ते मुळात बारा लाखच काढणार होते, लग्नापुरते. मी गेल्यावर दोन दिवसांनी एजंट आला आणि म्हणाला, "बेचाळीसचं घर आहे, बारा काय घेता? वीस घ्या, हप्ता फार वाढत नाही." वीस लाख, साडेनऊ टक्के, पंधरा वर्षं, हप्ता 20,884. घरात महिना बावन्न हजार येत होते, पण त्यातले बारा-तेरा हजार ओव्हरटाइमचे. लग्नाला चौदा लागले, कारण वीस हातात होते. उरलेल्यातून स्वयंपाकघराचे नवे ओटे-कपाटं आणि गाडीची सुरुवातीची रक्कम. आणि गाडीचा हप्ता वेगळा.

मे 2022 मध्ये गंगापूर रोडच्या लॉन्सवर अक्षता पडल्या. त्याच महिन्यात, 4 मेला, रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 4 वरून 4.40 टक्के केला. फेब्रुवारी 2023 पर्यंत तो साडेसहावर गेला. यांचं कर्ज बदलत्या दराचं. अडीच टक्के जसेच्या तसे यांच्या कर्जावर चढले, साडेनऊचे बारा झाले. मुदत वाढवून द्यायला कर्ज देणारे तयार नव्हते, कारण पंधरा वर्षं संपतानाच यजमान निवृत्तीला टेकणार होते. म्हणून हप्ताच वाढला, पावणेचोवीस हजारांच्या पुढे गेला. घरी येऊन मी उलटा हिशेब करून पाहिला: वर्षभराने दर एकदम बारा झाला असं धरलं आणि हप्ता जुनाच ठेवला, तर उरलेल्या चौदा वर्षांची जवळपास बावीस होतात. त्या 20,884 मधले एकोणीस हजारांहून जास्त नुसत्या व्याजात जातात. दोन्ही वाटा सारख्याच जड होत्या. दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये बजावलं. पण साठीची भिंत समोर असलेल्या माणसाला विचारून तो काय निवडणार?

मग कारखान्यात एक शिफ्ट बंद झाली. ओव्हरटाइम गेला. नोव्हेंबर 2023 पासून हप्ते थकले. नव्वद दिवस उलटल्यावर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरलं, मार्चमध्ये साठ दिवसांची नोटीस आली आणि जुलैमध्ये दारावर कागद लागला. दोन वर्तमानपत्रांत नावं छापून आली, त्यातलं एक मराठी. "सोसायटीत सगळ्यांनी वाचलं," वहिनी म्हणाल्या. मार्चची नोटीस त्यांनी स्वतः जुलैपर्यंत पाहिलीच नव्हती. ती यजमानांनी गाडीत ठेवली होती. घर दोघांच्या नावावर, कर्जावर सही दोघांची, आणि बाईंना माहीत नव्हतं. असं मी आणखीही घरांत पाहिलं आहे. दर वेळी चीड येते, आणि त्या माणसाची कीवही येते.

मी खोल्या मोजल्या. या वेळी टेप धरायला कुणी नव्हतं, लेझर होता. फोटो काढताना हॉलच्या भिंतीवरची लग्नाची मोठी तसबीर चौकटीत येत होती. वहिनी पुढे झाल्या, ती उतरवली आणि उलटी करून भिंतीला टेकवून ठेवली. "हिचा फोटो नको जायला त्यात," म्हणाल्या. मी थांबलो. मला काही बोलता आलं नाही.

रिपोर्टमध्ये मला तीन आकडे लिहायचे असतात. बाजारभाव, सहज वसूल होईल अशी किंमत, आणि घाईने विकावं लागलं तर मिळेल ती. तिसरा आकडा मी साधारण बाजारभावाच्या ऐंशी टक्के धरतो. लिलावाची राखीव किंमत बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी ठरते. त्या दिवशी माझा बाजारभाव शेहेचाळीस येत होता, तिसरा आकडा सदतीसच्या आत. थकबाकी खर्चासकट साडेएकवीस लाखांच्या आसपास. म्हणजे कर्ज देणाऱ्याला काही भीती नव्हती. भीती पहिल्या दिवसापासूनच नव्हती, बेचाळीसच्या घरावर वीस दिले होते. हप्ता झेपेल का हे कुणी खोलात विचारलं नाही, कारण घर होतं. हेच पैसे विनातारण मागितले असते तर व्याज तेरा-चौदा टक्के पडलं असतं, ओव्हरटाइम बाजूला काढून फार तर पाच-सहा लाख मिळाले असते, आणि लग्न पाच-सहा लाखांत झालं असतं. ते थकलं असतं तरी वसुलीवाल्यांचे फोन, कोर्टकज्जे सोसावे लागले असते, पण कोर्टाची पायरी न चढता राहत्या घरावर कुणी ताब्याचा कागद लावू शकलं नसतं. स्वस्त कर्ज म्हणून जे घेतलं, ते स्वस्त होतं कारण त्यात घर पणाला लागलं होतं. त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनी पतधोरण सांगताना घरावरच्या टॉप-अप कर्जांबद्दल, म्हणजे आधीच्या कर्जावर वरून घेतलेल्या कर्जांबद्दल, इशारा दिला होता: ती वेगाने वाढत आहेत, आणि पैसा कशासाठी वापरला जातो यावर काही ठिकाणी नीट लक्ष नाही. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा ती मला कुठल्याशा आकडेवारीसारखी वाटली होती.

मी सामान आवरत होतो. वहिनींनी विचारलं, "साहेब, आता किती लिहिणार?"

या वेळी मी आकडा सांगितला नाही. बसलो मात्र. त्यांना म्हणालो, "ताई, मी कर्ज देणाऱ्यांच्या कामावर आलोय, आकडा मला सांगता येत नाही. पण कायदा कुणीही सांगू शकतो, तेवढं नीट ऐका." ताब्याविरुद्ध दाद मागायची तर कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे पंचेचाळीस दिवसांत जावं लागतं, दिवस मोजा, आजच वकील गाठा. लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंत सगळी बाकी भरली तर घर सोडवता येतं. आणि तेवढे पैसे नसतील, तर स्वतः गिऱ्हाईक शोधा. साठ दिवसांची नोटीस आल्यापासून कर्ज देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही, पण संमती मागता येते, आणि पूर्ण बाकी भरणारं गिऱ्हाईक दाखवलं तर ती मिळतेसुद्धा. लिलावात घराला घाईचा भाव येतो. तुम्ही विकलंत तर बाजाराचा येईल. मधला फरक तुमचा आहे.

त्या लिहून घेत होत्या, किराण्याच्या यादीच्या मागे. यजमान आतल्या खोलीच्या दारात उभे होते. मी आल्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते. आता म्हणाले, "विकायचंच म्हणजे."

"लिलाव होण्यापेक्षा," वहिनी म्हणाल्या.

खाली उतरून मी गाडीत बराच वेळ बसून राहिलो. पुढची व्हिजिट इंदिरानगरला होती, नव्या टॉप-अपची. त्या घरातही निघताना यजमानांनी किती येईल म्हणून विचारलं. मी सांगितलं नाही, तर त्यांना वाईट वाटलं. हे मी आता नेहमीच करतो. ते बेचाळीस माझ्या तोंडून निघालं नसतं तर एजंटने ते सांगितलंच असतं, हे मला कळतं. तरी ते माझ्या तोंडून निघालं होतं.

ऑक्टोबरमध्ये वहिनींचा फोन आला. गिऱ्हाईक मिळालं होतं, त्याच सोसायटीतल्या एकाचा भाऊ. चव्वेचाळीसला व्यवहार ठरला, संमतीपत्र हातात आलं. सगळं फेडून, दलाली देऊन एकवीस लाख काही हजार उरणार होते. ते पोस्टात आणि बँकेत ठेवायचे, त्यांच्या एकटीच्या नावावर, असं दोघांनी ठरवलं होतं. गाडीही विकली. अंबड लिंक रोडला दोन खोल्या भाड्याने पाहिल्या होत्या, अकरा हजार भाडं.

"मुलीला सांगितलंत?" मी विचारलं.

नाही, म्हणाल्या. ती पुण्याला असते, तिला यातलं काहीच माहीत नाही. दिवाळीला येईल तेव्हा कुठल्या घरी यायचं ते सांगावंच लागेल.