ग्रांट अन् नांगराचे घोडे

आमच्याकडं पारावर अमेरिकेचा जनरल म्हटलं की मॅकआर्थर नाहीतर पॅटन, पण मले विचाराल तर युलिसिस ग्रांटच भारी. 1854 मध्ये फौज सोडली, शेती केली, ती काही जमली नाही, मग सेंट लुईसच्या रस्त्यावर सरपण विकलं, अन् 1864 मध्ये हाच गडी अमेरिकेच्या यादवी युद्धात सगळ्या युनियन म्हणजे उत्तरेकडच्या फौजेचा सेनापती! 9 एप्रिल 1865 ला दक्षिणेकडचा सेनापती ली शरण आला, त्यानं घोड्यांचा विषय काढला तसं ग्रांटनं हरलेल्या शिपायांना स्वतःचे घोडे-खेचरं घरी नेऊ दिले, पेरणी तोंडावर होती ना. हे शेती केलेल्यालेच सुचते बाप्पा. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर मात्र सरकारात भ्रष्टाचार लय झाला, ते काही झाकू नये. शेवटी पार्टनरनं बुडवलं, वरून घशाचा कॅन्सर, तरी घरच्यांसाठी आठवणी लिहून पुऱ्या केल्या अन् 1885 मध्ये गेला, बायकोले रॉयल्टी भेटली साडेचार लाख डॉलरच्या आसपास.