नावडत्या गणिताची रोजनिशी

सोमवार, रात्र

गणिताचा तास आवडत नाही, हे एकदा मान्य करून टाकलेलं बरं. गोडी लागेल तेव्हा बसू म्हटलं की वही कोरी राहते. नावडीचा सगळा जोर बसायच्या आधीच्या पाच मिनिटांत असतो. पेन चालायला लागलं की तो ओसरतो. म्हणून उद्याच्या उदाहरणांचे क्रमांक आजच चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवायचे. 25 मिनिटं, 4 उदाहरणं: पहिलं काल सोडवता आलेलंच, दोन नव्या धड्यातली, एक मागच्या आठवड्यातलं. "आज काय करू?" हा प्रश्न शिल्लक राहिला की हात मोबाइलकडे जातो.

मंगळवार

सोडवून दिलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी पटते. पटलं म्हणजे आलं, असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. पुढची पायरी कोणती घ्यायची, हे ठरवायचं काम पुस्तकाने आधीच केलेलं असतं आणि परीक्षेत नेमकं तेच आपल्याला करावं लागतं. उत्तरावर कोरा कागद ठेवावा, एक पायरी स्वतः लिहावी, मग कागद एक ओळ खाली सरकवून ताडून पाहावं. शेवटी पुस्तक मिटून, आकडे बदलून तेच उदाहरण पुन्हा. अडलं तर फार तर दहा मिनिटं झगडावं, मग उत्तरातली एकच ओळ बघावी. सगळं उत्तर बघितलं की त्या उदाहरणातला सराव संपला.

बुधवार

चुकांची वही. सगळ्या सवयींत हीच सर्वांत कंटाळवाणी आणि हीच सर्वांत कामाची. तीन रकाने: काय लिहिलं, का लिहिलं, बरोबर पायरी कोणती. मधल्या रकान्यात "दुर्लक्ष झालं" लिहायला बंदी, कारण त्यातून काहीच कळत नाही. −3² चं उत्तर 9 आलं? मग "वर्ग फक्त 3 चा आहे, उणे चिन्ह त्याच्या बाहेर आहे" असं लिहायचं, उत्तर −9. कंस असता, (−3)², तर 9. क्ष² = 5क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं की 5 मिळतं, पण 0 ही उकल हरवते; भागताना क्ष शून्य नाही असं आपण गुपचूप धरून चाललेलो असतो. सगळं एका बाजूला घेऊन अवयव पाडले, क्ष(क्ष − 5) = 0, की दोन्ही उकली हाती येतात. आणि ती सदाबहार चूक, (अ + ब)² = अ² + ब². अ = 2, ब = 3 घालून बघा: डावीकडे 25, उजवीकडे 13. नियमाबद्दल शंका आली की लहान आकडे घालून तपासायला दहा सेकंद लागतात, तरी कुणी ते करत नाही!

गुरुवार

वर्गात फळा उतरवताना जिथे धागा सुटला तिथे समासात प्रश्नचिन्ह. "काही समजलं नाही" याला शिक्षक तरी काय उत्तर देणार? "तिसऱ्या ओळीवरून चौथी कशी आली?" याला देता येतं.

शनिवार

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने निरर्थक अक्षरसमूह पाठ केले आणि त्याला दिसलं की विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं, मग मंदावतं. गणिताच्या रीती म्हणजे काही निरर्थक अक्षरं नव्हेत, तरीही नवी रीत दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा करून बघावी. एकाच प्रकारची दहा उदाहरणं सलग केली की तिसऱ्यानंतर डोकं बंद पडतं. रीत कोणती ते धड्याच्या नावावरूनच कळलेलं असतं. सरमिसळ केली की वेग कमी होतो, चुका वाढतात आणि बरेच जण तिथेच ती सोडून देतात. वेग कमी होतो कारण रीत निवडायचं काम आता आपल्याकडे आलेलं असतं.

रविवार

नवं काही नाही. फक्त चुकांची वही, उजवा रकाना झाकून. जी ओळ तीन वेगवेगळ्या रविवारी बरोबर आली ती खोडायची. उणे चिन्हाच्या ओळी सहसा सर्वांत शेवटी जातात.