गंधार नसलेलं गाणं : ‘द रेक ऑफ द एडमंड फिट्झजेराल्ड’

गॉर्डन लाइटफूट या कॅनडाच्या गायक-गीतकाराचं, वादळात बुडालेल्या एका मालवाहू जहाजावरचं हे गाणं गिटारवर चार कॉर्डांत वाजतं. बहुतेक शिकाऊ वादक पहिल्याच कॉर्डला चुकतात, आणि ती एक चूक सगळं गाणं बिघडवते. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर. पहिली कॉर्ड ए-सस-टू : जाड ई तार वाजवायची नाही, ए मोकळी, डी आणि जी कॅपोपासून दुसऱ्या पट्टीवर, बी आणि बारीक ई मोकळ्या. इथे सवयीने बोट बी तारेवर जातं. ती पहिल्या पट्टीवर दाबली तर ए मायनर होतो, दुसऱ्या पट्टीवर दाबली तर ए मेजर. दोन्ही चूक. बी तार मोकळीच राहिली पाहिजे.

कारण स्वरांच्या भाषेत पाहिलं की लगेच कळतं. ए म्हणजे सा धरा. पहिल्या कॉर्डमध्ये सा, रे आणि प आहेत. पुढे ई मायनर येतो : प, कोमल नी, रे. मग जी : कोमल नी, रे, म. मग डी : म, शुद्ध ध, सा. चारही कॉर्डांचे स्वर एकत्र मांडले तर सा रे म प ध आणि कोमल नी मिळतात. गंधार कुठेच नाही. शुद्ध गंधार घातला तर खमाज थाट होईल, कोमल घातला तर काफी. साथ यातलं काहीच ठरवत नाही. बी तारेवर बोट पडलं की वादक स्वतःच ठरवून टाकतो की हे दुःखाचं गाणं आहे किंवा शौर्याचं. लाइटफूटने ते ठरवलेलं नाही, आणि हे गाणं इतकी वर्षं टिकलं त्याचं मोठं श्रेय मी त्या रिकाम्या जागेला देतो.

लय सहाची. दादऱ्याच्या सहा मात्रा ज्यांच्या अंगात आहेत त्यांना मोजायला त्रास होणार नाही, फक्त ठेका हलकाफुलका ठेवू नका. पहिल्या आणि चौथ्या मात्रेवरचं वजन पाण्यावर हेलकावणाऱ्या जड वस्तूसारखं यायला हवं. पहिलं आवर्तन ए-सस-टू, दुसरं ई मायनर, तिसऱ्यात दोन कॉर्ड (तीन मात्रा जी, तीन मात्रा डी), चौथं पुन्हा ए-सस-टू. एवढ्यात दोन ओळी संपतात. हेच पुन्हा वाजवलं की चार ओळींचं कडवं पूर्ण. अशी 14 कडवी आहेत, म्हणजे तेच चक्र 28 वेळा, मधले वाद्यांचे तुकडे वेगळे. ध्रुवपद नाही, बदलणारा अंतरा नाही, कळसाला सूर वर चढवणं नाही.

28 वेळा तेच वाजवताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, तिसऱ्या आवर्तनात दोन कॉर्ड असल्याने हात घाई करतो आणि दर चक्राला लय थोडी थोडी पुढे सरकते. दहाव्या कडव्यापर्यंत शब्द तोंडात मावेनासे होतात. त्यासाठी पहिले दोन दिवस फक्त जी-डी-ए हा तुकडाच मोजून वाजवावा. दुसरं, सुरुवातीलाच जोर लावला तर पुढे वाढवायला काही उरत नाही. मूळ ध्वनिमुद्रणात सुरुवातीला ड्रम नाहीत. ड्रमवादक बॅरी कीन यांनी नंतर सांगितलं आहे की आपण कधी सुरू करायचं असं त्यांनी विचारलं, तेव्हा लाइटफूटने मान हलवून खूण करतो म्हटलं. खूण बरीच उशिरा, वादळाने जोर धरल्यावर आली. कीन यांच्याच सांगण्यानुसार अल्बमवर आहे तो वादकांनी मिळून केलेला पहिलाच टेक. टेरी क्लेमेंट्स यांची लीड गिटार, पी वी चार्ल्स यांची पेडल स्टील आणि रिक हेन्स यांचा बास, सगळे एकमेकांकडे कान देऊन वाजवताहेत हे ऐकू येतं. एकटे वाजवणार असाल तर पहिली चार कडवी नुसत्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी छेडा, स्ट्रमिंग पाचव्यापासून.

12 तारांची गिटार मिळाली तर जरूर घ्या. पण त्यावर कॅपो घट्ट बसावा लागतो, नाहीतर जोडतारांपैकी एक भणभणते. आणि कॅपो लावल्यावर पुन्हा सूर जुळवावे लागतात. गिटारच्या दांडीवर ताण नको म्हणून ती एक पूर्ण स्वर खाली लावली असेल तर कॅपो चौथ्या पट्टीवर, म्हणजे सा पुन्हा पांढरी सातला येतो.

आता ज्या घटनेवर हे गाणं आहे तिच्याकडे वळू, कारण शब्द समजून न गाता हे निभत नाही. ‘एडमंड फिट्झजेराल्ड’ हे 729 फूट लांबीचं मालवाहू जहाज 9 नोव्हेंबर 1975 रोजी विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरातून 26 हजार टनांहून थोड्या जास्त लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघालं. दुसऱ्या दिवशी लेक सुपीरियरवर वादळ आलं. दुपारी कॅप्टन अर्नेस्ट मॅकसोर्ली यांनी मागून येणाऱ्या ‘आर्थर एम. अँडरसन’ जहाजाला कळवलं की कठडा तुटला आहे, दोन व्हेंट (हवेच्या नळ्या) गेले आहेत, जहाज कललं आहे आणि पंप चालू आहेत. पुढे दोन्ही रडार बंद पडले. संध्याकाळी सात वाजून गेल्यावर अँडरसनने विचारणा केली तेव्हा आम्ही तग धरून आहोत एवढंच उत्तर आलं. त्यानंतर काहीच नाही. धोक्याचा संदेशही गेला नाही. व्हाइटफिश उपसागर 17 मैलांवर असताना जहाज सुमारे 530 फूट खोल पाण्यात दोन तुकडे होऊन पडलं. 29 जण होते, एकही वाचला नाही.

लाइटफूटने ‘न्यूजवीक’मधला लेख वाचला आणि लिहायला घेतलं. तपशील चुकेल या धास्तीने तो अडखळत होता. निर्माते लेनी वॉरोन्कर यांनी त्याला सांगितलं की तू फक्त गोष्ट सांग. तरी काही तपशील सुटलेच. गाण्यात जहाज क्लीव्हलंडला निघालं आहे; खरं तर ते डेट्रॉइटजवळच्या झग आयलंडला माल उतरवणार होतं. आचारी डेकवर येऊन जे बोलतो ते अर्थातच कल्पित, ऐकलेलं सांगायला कुणी उरलंच नव्हतं. गाण्यातलं खलाशांचं कॅथेड्रल म्हणजे डेट्रॉइटचं मरिनर्स चर्च; तिथे 11 नोव्हेंबरच्या सकाळी घंटेचे 29 ठोके दिले गेले, ते मात्र जसंच्या तसं आलं आहे.

सगळ्यात जड चूक सातव्या कडव्यात आहे. सात वाजता मुख्य हॅचचं (डेकवरून माल भरायच्या तोंडाचं) झाकण आत कोसळलं असं तिथे ठामपणे म्हटलं आहे. गाणं ऑगस्ट 1976 मध्ये सिंगल म्हणून बाजारात आलं. तटरक्षक दलाचा अहवाल आला 1977 मध्ये आणि राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा 1978 मध्ये. दोघांनीही बोट हॅचकडेच दाखवलं, पहिल्याने नीट बंद न झालेल्या झाकणांकडे आणि दुसऱ्याने झाकण कोसळण्याकडे. जहाजवाहतूकदारांच्या संघटनेला ते पटलं नाही; कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाला तळ घासला असावा असं त्यांचं म्हणणं होतं. वाद आजही मिटलेला नाही. पण अहवाल वाचणारे मूठभर आणि गाणं ऐकणारे लाखो. झाकणं बंद करणं हे डेकवरच्या खलाशांचं काम, त्यामुळे त्यांच्या घरच्यांना ती एक ओळ दरवेळी आरोपासारखी ऐकू येत होती. त्याच गाण्याच्या दहाव्या कडव्यात जहाज दुभंगलं असेल, उलटलं असेल किंवा पाणी भरलं असेल अशा शक्यता मोकळ्या ठेवल्या आहेत. तोच सांभाळून बोलणारा सूर सातव्यात राहिला असता तर कुणाला दुखावण्याची वेळच आली नसती.

2010 मध्ये एका माहितीपटाने खलाशांचा हलगर्जीपणा नव्हता असा निष्कर्ष मांडला. तेव्हापासून लाइटफूट मैफलींत ती ओळ बदलून गाऊ लागला : सात वाजता अंधारून आलं, एवढंच. 34 वर्षं लोकांच्या तोंडी बसलेली ओळ, तिचं यमक आणि वजन राखून, मृतांच्या कुटुंबांसाठी बदलणं याला मी या गाण्याच्या यशातला सर्वांत मोलाचा भाग समजतो. गाण्यात चर्चचं सभागृह कुबट म्हटलं होतं; ते तसं नाही अशी तक्रार आल्यावर तेही विशेषण त्याने बदललं होतं. ध्वनिमुद्रण मात्र जुनंच आहे, म्हणून ऐकून शिकणाऱ्यांच्या तोंडी जुनी ओळ येते. नवी शिकून घ्या.

लोकांनी गाणं कसं उचललं? रेडिओला तीन-साडेतीन मिनिटांची गाणी हवी असत, हे अल्बमवर साडेसहाच्या आसपास भरतं. सिंगलसाठी थोडं कापूनही लांबच राहिलं. नाचता येत नाही, सोबत म्हणायला ध्रुवपद नाही. तरी नोव्हेंबर 1976 मध्ये, दुर्घटनेला वर्ष होत असताना, ते कॅनडात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या. वर रॉड स्टुअर्ट होता. ग्रॅमीसाठी वर्षातलं सर्वोत्तम गीत आणि पुरुष पॉप गायन अशी दोन नामांकनं मिळाली, पुरस्कार मिळाला नाही. ब्रिटनमध्ये फारसं चाललं नाही. पण चाल समुद्र ओलांडून गेली : उत्तर आयर्लंडच्या तुरुंगात बॉबी सँड्स या आयरिश राजकीय कैद्याने तिच्यावर काळ्या पाण्याला पाठवलेल्या कैद्यांचं गीत बांधलं, आणि ते पुढे आयरिश गायक क्रिस्टी मूरने गायलं. चालीचं मूळ आपण लहानपणी ऐकलेल्या एका जुन्या आयरिश शोकगीतात असल्याचं लाइटफूट सांगत असे, म्हणजे ती आपल्या घरीच परतली म्हणायची.

1995 मध्ये जहाजाची घंटा वर काढली गेली. ती व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्या जागी 29 नावं कोरलेली दुसरी घंटा तळाशी ठेवली. 1 मे 2023 रोजी लाइटफूट गेला तेव्हा मरिनर्स चर्चने 30 ठोके दिले.

गाताना शेवटचं कडवं पहिल्याच्याच शब्दांनी सुरू होतं. इथे लय संथ करायचा मोह होतो, करू नका. मूळ गाणं त्याच चालीने पुढे जातं. शेवटच्या ए-सस-टूवर बोटं उचलू नका, तारा आपोआप शांत होऊ द्या, आणि बी तार तेवढी तपासा : मोकळीच आहे ना.