बाकडं कुणाचं?
आईला बसथांब्यापासून घरापर्यंत एका दमात चालवत नाही. मधलं सिमेंटचं बाकडं हा तिचा हक्काचा थांबा. पावसाळ्यात त्याची पाठ फुटली, आता गंजलेली सळई वर आलीय. उरलेल्या तुकड्यावर 'यांच्या निधीतून' एवढीच अक्षरं आहेत, नाव नेमकं गेलं!

आज वॉर्ड ऑफिसात गेलो. उद्यानवाले म्हणाले, फुटपाथवरचं आहे, बांधकामकडे जा. बांधकामवाले म्हणाले, आमच्या नोंदीत नाही. शेवटी आवक-जावकच्या बाईंनी माझ्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला आणि हळूच म्हणाल्या, "सळईचा फोटो जोडा हो."

महिनाभर बघतो. नाहीतर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात विचारणार, बाकडं नक्की कुणाचं?

तोवर आई पानवाल्याच्या स्टुलावर.