पंप काढायचा नाही: आमच्या टू-स्ट्रोक गॅरेजची वाटचाल

आमचं गॅरेज कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगराला लागून. आबांनी सुरू केलं तेव्हा कामाला येझदी आणि राजदूत जास्त. टूटी ऑइल, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर जळणारं ऑइल, पेट्रोलच्या टाकीतच ओतायचं, त्यामुळं ऑइल पंप ही भानगड क्वचितच समोर यायची. १९८५ ला यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल आली. ऑइलची टाकी वेगळी, ते इंजिनात ढकलायला इंजिनावर फिरणारा छोटा पंप, ऑटोल्यूब म्हणतात तो. पोरांना गाडीचं पिकअप आवडलं, मिस्त्रींना पंप काही आवडला नाही. धूर आला की पंप काढ, भोक बंद कर, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळ. हा इलाज आजही सर्रास चालतो.

आबांना तो कधीच पटला नाही. "मालक, काढूनच टाका की पंप," कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "नको असता तर जपान्यानं बसवला कशाला असता?"

पंप दोन गोष्टी बघतो: इंजिन किती फिरतंय आणि रेस किती पिळलीय. गगनबावड्याचा घाट उतरताना रेस बंद असते. मिसळलेल्या पेट्रोलच्या गाडीत तेव्हा पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि इंजिन मात्र उताराच्या जोरानं फिरतंय. पंपाची गाडी त्या फेऱ्यांवर थोडं का होईना ऑइल ढकलत राहते. शिवाय पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं की जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकातून, जाणाऱ्या थेंबात पेट्रोलचा वाटा घटतो, मिश्रण किंचित लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. मग "कार्बोरेटर सेट होत नाही" म्हणून गाडी पुन्हा दारात.

१९९६ ला आरएक्स १०० बंद झाली. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, रस्ते फोर-स्ट्रोकनं भरले. त्या काळात आम्ही मिळेल ते काम केलं, मुख्यतः ब्रेक आणि चेन-सॉकेट. त्यावर फार लिहिण्यासारखं काही नाही. पुढं जुन्या गाड्यांची हौस परत आली आणि पंप दुरुस्त करणारे हातच उरले नव्हते, तेव्हा आमचं नाव झालं.

धूर म्हटला की सगळे पंपाकडं बोट दाखवतात. आम्ही आधी गिअर ऑइल मापाच्या भांड्यातून भरतो आणि गाडी देतो. पंधरवड्यानं काढून पुन्हा मोजतो. कमी निघालं आणि बाहेर कुठं गळती नाही, तर बहुतेक क्लचच्या बाजूचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या दांड्याभोवतीचं रबरी सील, गेलंय, इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतंय. पंप बिचारा निर्दोष. धूर फक्त सकाळी पहिल्या किकला येत असेल, तर पंपाच्या नळीच्या टोकाचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइल आपोआप वाहू न देणारी झडप, बघायचा. त्यातली गोळी नीट बसत नसेल तर रात्रभर ऑइल झिरपतं.

उलट, गाडी गरम झाल्यावर स्लो, म्हणजे रेस न देताची इंजिनाची गती, आपोआप चढत असेल आणि प्लग पांढराफटक असेल, तर कुठून तरी हवा शिरतेय. यासाठी मी ब्लडप्रेशरच्या मशीनचा फुगा आणि मीटर वापरतो. पिस्टन खाली आणायचा, इनटेक-एक्झॉस्ट रबर लावून बंद करायचे, प्लगच्या जागी नळी बसवायची आणि काटा २५० वर न्यायचा. पाच मिनिटं काटा हलला नाही तर इंजिन घट्ट. उतरला तर मॅग्नेट काढून त्यामागच्या सीलवर साबणाचं पाणी, आणि कान गिअर ऑइलच्या बुचाशी. आत बुडबुड आवाज आला की क्लचकडचं सील सापडलं. इंजिन उघडायच्या आधी रोग कळतो, गिऱ्हाईकाला डोळ्यांनी दाखवता येतो, आणि बिलावरून वाद होत नाही. हे शेवटचं धंद्याला फार उपयोगी.

हल्ली निम्मं काम पेट्रोलमुळं येतं. त्यातलं इथेनॉल पाणी धरतं. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या फ्लोट बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत, हिरवट-पांढरा थर बसतो, स्लोला पेट्रोल देणारा पायलट जेट बुजतो. मग गाडी चोकवर चालू होते, चोक काढला की बंद. जेटमध्ये तार खुपसू नका, भोक मोठं होतं. प्रेशरची हवा आणि क्लीनर पुरे. बाजारात वर आकडा एक, भोक दुसरंच असले जेटही मिळतात, म्हणून माझी मुलगी नवा जेट बसवण्याआधी गेजनं तपासते. कार्बोरेटरचं टेबल आता तिचं.

पंप जोडल्यावर हवा काढायच्या ब्लीड स्क्रूतून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल सोडतो, केबल ओढून पंपाच्या चाकावरची खूण पिनसमोर आणतो, आणि पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही ऑइल देतो. नळीत हवा राहिली असेल तर ऑइलविना पिस्टन धरायला, म्हणजे अडकायला नको. तेवढ्यापुरता धूर जास्त दिसेल, घाबरून फोन करू नका.

पुणे, गोव्याहून कुरिअरनं पंप येतात. पाठवताना तो उघडू नका, आतल्या पातळ शिम, म्हणजे चकत्या, पडतात आणि त्यांवरच कमीत कमी स्ट्रोकचं, म्हणजे किमान किती ऑइल ढकलायचं याचं माप असतं. केबल आणि चेक व्हॉल्व्हही सोबत द्या. आणि पंप काढून आधीच कुठं तरी फेकला असेल, तर पाठवायच्या आधी त्या गॅरेजच्या भंगाराच्या डब्यात एकदा बघून या.